इंग्रजींतील सारखीं दिसणारीं क्रियाविशेषणें



इंग्रजी शिकणारा मराठी विद्यार्थी मोठ्या शब्दांना भितो आणि लहान शब्दांवर विश्वास ठेवतो. एखादें अवघड नाम वाचनांत आलें कीं तो कोश उघडतो, अर्थ वहींत उतरून घेतो आणि दोन वेळां घोकतोही. परंतु 'स्टिल', 'येट', 'ओन्ली', 'टू', 'हार्डली' हे शब्द त्याला पहिल्या धड्यापासूनचे ओळखीचे वाटतात. त्यांच्यासाठीं कोश उघडणें त्याला कमीपणाचें वाटतें. वास्तविक मोठा शब्द चुकला तर वाचणाऱ्याला चूक तेव्हांच दिसते व तो हसून ती सुधारून घेतो. लहान शब्द चुकला तर वाक्य व्याकरणानें शुद्धच राहतें, आणि अर्थ मात्र फिरतो. ज्याच्याकडे पत्र गेलें तो त्या फिरलेल्या अर्थावर विश्वास ठेवून वागतो. पत्र लिहिणाऱ्याला आपलें काय चुकलें याचा पत्ताही लागत नाहीं.

व्याकरणांत या शब्दांना क्रियाविशेषण अव्ययें म्हणतात. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनीं १८३६ सालीं मराठीचें व्याकरण प्रसिद्ध केलें आणि मोरो केशव दामले यांनीं १९११ सालीं आपल्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणां'त या विषयाची सविस्तर चर्चा केली. मोल्सवर्थसाहेबांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ सालीं निघाला व त्याची वाढविलेली दुसरी आवृत्ति १८५७ सालीं आली. कँडीसाहेबांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ सालचा. म्हणजे साधनांची वाण आपल्याकडे फार दिवसांपासून नाहीं. तरीही अडचण राहते, कारण शब्दासमोर शब्द ठेवणें हें कोशाचें काम आहे आणि क्रियाविशेषणाचा अर्थ पुष्कळदां एकट्या शब्दांत सांपडत नाहीं. बोलणाऱ्याच्या मनांत कोणती अपेक्षा होती आणि तो कोठून मोजतो आहे, यावर तो अवलंबून असतो. हें एक सूत्र हातीं धरलें तर बरेचसे घोटाळे आपोआप सुटतात.

नाशिकचेंच उदाहरण घ्यावें. गोदावरीला पूर आला म्हणजे नाशिककर पाण्याची उंची फुटांत विचारीत नाहींत. पाणी दुतोंड्या मारुतीच्या कोठपर्यंत आलें, असें विचारतात. गुडघ्याला लागलें, कमरेला लागलें, छातीला लागलें, गळ्याशीं आलें, ही त्या शहराची जुनी मोजपट्टी आहे. भांडीबाजार आणि सराफबाजार यांतील दुकानदार याच मोजपट्टीवरून माल हलवावयाचा कीं थांबावयाचें तें ठरवितात. १९६९, २००८ आणि २०१६ या सालांचे पूर ज्यांनीं पाहिले, त्यांना या मोजपट्टीची किंमत सांगावी लागत नाहीं.

आतां अशा दिवशीं नाशिकचा एखादा मुलगा परदेशांतल्या चुलत्याला इंग्रजींत निरोप धाडतो अशी कल्पना करावी. चुलत्याची मुलें इंग्रजींतच वाचतात म्हणून भाषा इंग्रजी. 'पाणी अजून कमरेला आहे' असें त्याला लिहावयाचें आहे. येथें 'अजून' म्हणजे 'स्टिल'. जी स्थिति संपेल अशी अपेक्षा होती ती संपलेली नाहीं, हें 'स्टिल' सांगतें. पाणी ओसरावयास हवें होतें, तें ओसरलें नाहीं. उलट, 'पाणी अजून कमरेला लागलें नाहीं' या वाक्यांतला 'अजून' म्हणजे 'येट'. जी गोष्ट होईल अशी अपेक्षा किंवा भीति आहे ती झालेली नाहीं, परंतु होण्याची शक्यता सरलेलीही नाहीं. आणि 'पाणी एवढ्यांतच कमरेला लागलें' असें म्हणावयाचें असेल तर 'ऑलरेडी' हा शब्द पाहिजे. अपेक्षेच्या आधींच गोष्ट घडून गेली, असा त्याचा भाव आहे.

तिन्ही वाक्यांत पाण्याची उंची जवळजवळ तीच आहे. पण 'ऑलरेडी' वाचून चुलता घाबरून दूरध्वनी करील, 'स्टिल' वाचून तो उतार पडण्याची वाट पाहील आणि 'नॉट येट' वाचून तो 'सांभाळून राहा' असा निरोप देईल. मराठींत दोन ठिकाणीं आलेला एकच 'अजून' इंग्रजींत दोन शब्दांत विभागला जातो. इतकेंच काय, पंगतींत 'अजून एक पोळी वाढा' असें म्हटलें म्हणजे तिसराच शब्द लागतो, तो 'मोअर' किंवा 'अनदर'. ज्या विद्यार्थ्यानें 'अजून म्हणजे स्टिल' एवढेंच पाठ केलें आहे, तो पोळी मागतांना, पूर सांगतांना आणि पाऊस नाहीं म्हणून चिंता करतांना एकच शब्द वापरतो व तीनपैकीं दोन वेळां चुकतो.

याच पुरावरून दुसरी एक जोडी समजते. 'अॅगो' आणि 'बिफोर' या दोहोंना मराठींत 'पूर्वीं' असेंच म्हणतात. 'अॅगो' हा शब्द नेहमीं बोलण्याच्या क्षणापासून मागें मोजतो. 'बिफोर' हा गोष्टींतल्या एखाद्या क्षणापासून मागें मोजतो. '१९६९ च्या पुरांत जें घर पडलें तें दोन वर्षांपूर्वीं बांधलें होतें' असें आजोबा सांगतात. ऐकणाऱ्याला शंका येत नाहीं, कारण 'बांधलें होतें' या क्रियापदानें मोजणी पुरापाशीं नेऊन ठेवली आहे. घर १९६७ चें. नातू हेंच इंग्रजींत लिहितांना 'टू इयर्स अॅगो' लिहील, तर पडलेलें घर आजपासून दोन वर्षांमागें बांधल्यासारखें होईल. घरगुती पत्रांत यावर लोक हसतील. मालकीच्या किंवा वारसाच्या कागदांत असा शब्द पडला तर हसण्यावारी जाणार नाहीं.

आतां दिसण्यांत जुळीं आणि वागण्यांत वैरी अशा शब्दांकडे वळावें. 'हार्ड' आणि 'हार्डली', 'लेट' आणि 'लेटली' हीं त्यांतलीं प्रमुख. विशेषणाला 'ली' लावला कीं क्रियाविशेषण होतें, हा नियम मुलाला लवकर शिकवितात. 'स्लो'चें 'स्लोली', 'क्विक'चें 'क्विकली'. मुलगा प्रामाणिकपणें तो नियम 'हार्ड'ला लावतो, आणि नोकरीच्या अर्जांत आपण मागील कचेरींत दहा वर्षें 'हार्डली' काम केलें असें लिहून मोकळा होतो. त्याला म्हणावयाचें असतें कीं कष्टानें काम केलें; अर्ज सांगतो कीं काम केलें नाहींच म्हटलें तरी चालेल. अर्ज वाचणारा अधिकारी सज्जन असेल तर हसेल. घाईंत असेल तर कागद बाजूला टाकील.

हें असें कां झालें, याचा इतिहास मनोरंजक आहे. फार जुन्या इंग्रजींत विशेषणाच्या शेवटीं एक ऱ्हस्व 'ए' लावून क्रियाविशेषण बनवीत असत. पुढें उच्चारांतून तो 'ए' गळून पडला, आणि 'हार्ड' हें विशेषण व 'हार्ड' हें क्रियाविशेषण यांचें रूप एकच झालें. 'लेट'ची, 'फास्ट'ची गोष्ट तशीच. दुसरीकडे 'ली'चें रूपही चालू होतें, आणि एकाच अर्थाला दोन शब्द भाषा फार दिवस पोसत नाहीं. म्हणून 'हार्डली' वेगळ्या कामाला लागला. प्रथम त्याचा अर्थ 'कष्टानें, अडचणीनें' असा होता. जो माणूस अडचणीनें चालतो तो फारसा चालतच नाहीं; म्हणून अडचणीनें चालणें याचें हळूहळू जवळजवळ न चालणें झालें.

मराठी माणसाला हा प्रवास अनोळखी वाटूं नये. 'मुश्किलीनें' हा शब्द पाहावा. 'त्यानें मुश्किलीनें दार उघडलें' यांत कष्ट आहेत. 'सभेला मुश्किलीनें पांच माणसें असतील' यांत कष्ट कोणाचेच नाहींत. माणसें पांचही नव्हतीं, असें सांगावयाचें आहे. इंग्रजी 'हार्डली' ज्या वाटेनें गेला त्याच वाटेवर आपला 'मुश्किलीनें' उभा आहे. हें ध्यानांत आलें कीं 'हार्डली फाइव्ह पीपल' या शब्दांचा अर्थ घोकावा लागत नाहीं, आणि 'हार्डली' स्वतःच नकार पोटांत घेऊन बसलेला असल्यानें त्याच्याजवळ दुसरा 'नॉट' ठेवूं नये हेंही आपोआप समजतें. 'लेट' म्हणजे उशिरा आणि 'लेटली' म्हणजे अलीकडे, हा भेदही याच घराण्यांतला. जावई रात्रीं 'लेट' आला तर जेवण निवतें; 'लेटली' आला तर एवढेंच समजावें कीं अलीकडच्या दिवसांत तो येऊन गेला.

तिसरा गट प्रमाण दाखविणाऱ्या शब्दांचा आहे. 'फेअरली', 'रादर', 'क्वाइट', 'व्हेरी', 'टू' हे सगळे शब्द कमीअधिक मोजतात, पण प्रत्येकाच्या मोजण्यांत वक्त्याची पसंती किंवा नापसंती मिसळलेली असते. भाड्याची खोली पाहून आलेला एक गृहस्थ घरीं सांगतो, 'खोली बऱ्यापैकीं मोठी आहे.' घरांतलीं माणसें खूष होतात. दुसरा सांगतो, 'खोली जरा मोठीच आहे.' लगेच प्रश्न येतो, मग भाडें किती? खोलीची लांबीरुंदी एकच असेल. पहिल्याच्या बोलण्यांत समाधान आहे, दुसऱ्याच्या बोलण्यांत कुरकुर आहे. इंग्रजींत पहिल्याला 'फेअरली बिग' म्हणावें व दुसऱ्याला 'रादर बिग'. आपल्या 'जरा'ला पुढें 'च' जोडला कीं जें काम होतें, तेंच बहुधा 'रादर' करतो. मात्र चांगल्या गुणाच्या आधीं 'रादर' आला तर तक्रार नसून अपेक्षेपेक्षां अधिक निघालें, असा कौतुकाचा भाव त्यांत येतो.

'फेअरली'चा धोका शिफारसपत्रांत दिसतो. कोणी भलें करण्याच्या हेतूनें एखाद्या तरुणाविषयीं 'फेअरली ऑनेस्ट' असें लिहिलें, तर त्याचें मराठी 'बऱ्यापैकीं प्रामाणिक' असें होईल. मराठींत हे शब्द कोणी शिफारशींत लिहिणार नाहीं. लिहिले तर पेढीची किल्ली त्या तरुणाच्या हातीं जाणार नाहीं. 'क्वाइट'नें तर अधिकच जपावें. 'क्वाइट फुल', 'क्वाइट राइट' येथें त्याचा अर्थ 'पूर्णपणें' असा आहे, कारण भरणें आणि बरोबर असणें यांना शेवटची मर्यादा आहे. 'क्वाइट गुड' म्हटलें म्हणजे इंग्लंडांत पुष्कळदां 'बरें आहे' एवढेंच समजतात. अमेरिकेंत तेच शब्द ऐकणारा 'फार चांगलें' असें समजूं शकतो. मुलाचा अभ्यास 'क्वाइट गुड' आहे असें वाचून एका देशांतला काका बक्षीस पाठवील आणि दुसऱ्या देशांतला काका शिकवणी लावण्याचा सल्ला देईल.

'व्हेरी' आणि 'टू' यांची गल्लत आपल्याकडे सर्वांत अधिक होते, कारण दोहोंनाही 'फार' हा एकच शब्द सुचतो. 'व्हेरी' नुसतें प्रमाण सांगतो. 'टू' प्रमाण सांगून त्यापुढची अडचणही सुचवितो. चहा 'व्हेरी हॉट' असेल तर थंडीच्या दिवसांत तो आनंदानें घ्यावा. 'टू हॉट' असेल तर तो पिववत नाहीं. ट्रंक 'टू हेवी' असेल तर ती उचलवत नाहीं. मराठींत ही अडचण क्रियापदाच्या पोटांत जाते, पिववत, उचलवत, चालवत, बघवत. इंग्रजींत ती 'टू'मध्यें राहते. म्हणून 'टू' लिहिण्यापूर्वीं 'वत नाहीं' असें शेपूट मनांत लावून पाहावें. लागलें तर 'टू' योग्य. न लागलें तर 'व्हेरी' लिहावें. मुलीच्या लग्नाच्या बोलण्यांत बापानें अभिमानानें 'अवर डॉटर इज टू एज्युकेटेड' असें लिहिलें, तर मुलीचें शिक्षण आम्हांलाच जड झालें आहे असा अर्थ निघतो. असें पत्र वाचून समोरचीं माणसें गप्प बसलीं, तर त्यांना दोष कसा द्यावा?

कांहीं ठिकाणीं शब्द एकच असतो, पण त्याची जागा अर्थ बदलते. 'ओन्ली' हा त्यांतला मुख्य. येथें मराठी भाषा इंग्रजीपेक्षां सुखी आहे. आपल्याला 'च' ही एका अक्षराची पूंजी मिळाली आहे आणि ती ज्या शब्दाला चिकटवावी तो शब्द उजळतो. 'रामालाच पांच रुपये दिले' म्हणजे इतरांना दिले नाहींत. 'रामाला पांचच रुपये दिले' म्हणजे सहा दिले नाहींत. 'त्यानेंच रामाला पांच रुपये दिले' म्हणजे दुसऱ्या कोणी दिले नाहींत. इंग्रज बोलतांना हें काम आवाजाच्या जोरावर करतो. लिहितांना आवाज नसतो, म्हणून 'ओन्ली' त्या त्या शब्दाशेजारीं ठेवावा लागतो. फाउलर नांवाच्या प्रसिद्ध व्याकरणकारानें १९२६ सालच्या आपल्या ग्रंथांत असें मत दिलें आहे कीं, गैरसमजाला जागा नसेल तेथें 'ओन्ली' क्रियापदाच्या आधीं त्याच्या नेहमीच्या जागीं राहूं द्यावा. उगीच कडक नियम लावून वाक्य अवघडवूं नये. घरगुती पत्रापुरतें हें मत मानण्यासारखें आहे. पावती, करार व मृत्युपत्र लिहितांना मात्र आपल्या 'च'ची आठवण ठेवून 'ओन्ली' जागच्या जागींच बसवावा. आणखी एक सावधगिरी पाहिजे. 'त्यानें रुपये दिलेच' या वाक्यांतला 'च' हट्ट किंवा खात्री दाखवितो; त्याचें भाषांतर 'ओन्ली'नें करूं नये.

शेवटचा गट काळाचा, आणि त्यांत मनुष्यस्वभावाचें दर्शन घडतें. 'सून' हा शब्द जुन्या इंग्रजींत 'ताबडतोब' या अर्थीं होता. 'प्रेझेंटली' याचाही एक जुना अर्थ 'तत्काळ' असाच. 'बाय अँड बाय' हेंही एके काळीं 'लगोलग' या अर्थानें चालत असे. आज तिघांचाही अर्थ 'थोड्या वेळानें' असा सैल झाला आहे. माणसें 'ताबडतोब येतों' म्हणत राहिलीं आणि उशिरा येत राहिलीं; शेवटीं शब्दांनीं माणसांची खरी वागणूक आपल्या अर्थांत नोंदवून घेतली. मराठी घरांत 'हा आलोंच' असें सांगून अर्ध्या तासानें उगवणारे गृहस्थ थोडे नाहींत. त्यांचें बोलणें ऐकणाऱ्या गृहिणीला 'सून' शब्दाचा इतिहास वेगळा शिकवावा लागणार नाहीं.

'प्रेझेंटली'ची आणखी एक गंमत आहे. स्कॉटलंडांत, अमेरिकेंत आणि आपल्याकडे तो शब्द 'सध्यां' या अर्थीं सर्रास वापरतात. इंग्लंडांतील पुष्कळ वाचकांच्या कानाला मात्र 'थोड्या वेळानें' हाच अर्थ प्रथम येतो. पुढचें क्रियापद वर्तमानकाळी आहे कीं भविष्यकाळी, यावरून अर्थ बहुधा कळतो. तथापि रुग्णाची हकीकत किंवा प्रवासाची वेळ कळवावयाची असेल तर असा दुहेरी शब्द टाळून 'नाऊ', 'अॅट प्रेझेंट' किंवा सरळ घड्याळांतली वेळ लिहिणें शहाणपणाचें. वैद्य 'प्रेझेंटली' येणार आहेत कीं 'प्रेझेंटली' आलेले आहेत, याचा खल करण्याची ती वेळ नसते.

या सर्वांतून घरोघरीं उपयोगी पडेल अशी रीत निघते. इंग्रजी वाक्य लिहिण्यापूर्वीं मनांत एक पुरें मराठी वाक्य, घरांत बोलतात तसें, म्हणून पाहावें. सुटा शब्द घेऊन त्याचा अर्थ शोधूं नये. नंतर त्या वाक्याला तीन प्रश्न विचारावे. बोलणाऱ्याची अपेक्षा काय होती? तो आजपासून मोजतो आहे कीं दुसऱ्या एखाद्या प्रसंगापासून? त्याला ही गोष्ट आवडली आहे कीं खटकली आहे? उत्तरें मिळालीं म्हणजे 'स्टिल' कीं 'येट', 'अॅगो' कीं 'बिफोर', 'फेअरली' कीं 'रादर' याचा निर्णय क्षणांत होतो. तर्खडकरांच्या भाषांतरपाठमाला ज्या घरांत एके काळीं झिजल्या, त्या घरांतल्या वडील माणसांनीं संध्याकाळीं मुलांना जवळ घेऊन अशीं दोन वाक्यें रोज विचारलीं, तरी वर्षभरांत मुलाची पुष्कळ तयारी होईल.

त्यांत दुहेरी लाभ आहे. इंग्रजीच्या या लहान शब्दांचा शोध घेतांना मुलाला आपल्याच भाषेंतले 'च', 'ही', 'तर', 'अजून', 'जरा' हे शब्द केवढें काम करतात तें प्रथमच दिसूं लागतें. लहानपणापासून तो ते अचूक वापरीत आलेला असतो, पण त्यांच्याकडे त्यानें कधीं पाहिलेलें नसतें. 'जरा मोठीच' आणि 'बऱ्यापैकीं मोठी' यांतला फरक ज्याच्या कानाला कळतो, त्याला इंग्रजी क्रियाविशेषणांची भीति बाळगण्याचें कारण नाहीं. त्याच्या आईनें तो धडा त्याला शाळेंत जाण्यापूर्वींच दिलेला आहे.